व्हॅलेन्सियाला जायचं तर मार्चमध्येच

२०२५ साली रंगपंचमी १९ मार्चला आली होती. इकडे इंदुरात राजवाड्यासमोरून गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघाली, गुलाल उडाला, रस्ते धुऊनही झाले. आणि त्याच तारखेच्या रात्री स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरच्या व्हॅलेन्सिया शहरात सातशेच्या वर देखावे चौकाचौकात पेटवले गेले. दरवर्षी असं जुळत नाही. आपली पंचमी तिथीने येते, त्यांची तारीख पक्की: १९ मार्च, संत जोसेफचा दिवस. या सणाला फायास म्हणतात.

इंदूरची मराठी कुटुंबं युरोपला जातात ती मुलांच्या परीक्षा संपल्यावर, म्हणजे मे-जूनमध्ये. पॅरिस, स्वित्झर्लंडसाठी ते ठीक. व्हॅलेन्सियाच्या बाबतीत मात्र ते जमत नाही, आणि त्याचं अर्धं कारण हवेत आहे.

भूमध्य सागरी हवामान म्हणजे कोरडा उन्हाळा आणि ओला हिवाळा, असं भूगोलात आपण घोकलेलं असतं. व्हॅलेन्सियात त्यातला पहिला भागच नीट लागू पडतो. जुलै जवळजवळ कोरडा जातो, पण हिवाळाही फारसा ओला नसतो. वर्षभराचा पाऊस ४५० मिलिमीटरच्या आसपास, इंदूरच्या निम्मा, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबर ते नोव्हेंबर या महिन्यांत. जानेवारीत दुपारी १६-१७ अंश आणि स्वच्छ ऊन. मार्चमध्ये दुपारी १९-२०, रात्री १०. ऑगस्टमध्ये ३०-३१. हा शेवटचा आकडा वाचून इंदूरचा माणूस हसेल, कारण मे महिन्यात आपण चाळिशी पार करतोच.

पण आपल्याकडे रात्र असते. माळव्याचं पठार समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, हवा कोरडी. सूर्य गेला की जमीन पटकन निवते. 'शब-ए-मालवा', माळव्याची रात्र, हे नुसतं कवींचं कौतुक नाही. व्हॅलेन्सिया समुद्राला चिकटून आहे आणि ऑगस्टमध्ये त्या समुद्राचं पाणीच २६ अंशांच्या घरात असतं. रात्री तापमान २२-२३ च्या खाली उतरत नाही, घाम वाळत नाही, आणि जुन्या भागातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत एसी नसेल तर झोपेचं खोबरं. उन्हाळ्यात जायचंच असेल तर खोली घेताना बाकी काही बघू नका, एसी बघा. शहराच्या मोठ्या समुद्रकिनाऱ्याचं नाव मालवारोसा आहे. ते एका सुगंधी झाडावरून पडलं, आपल्या माळव्याशी त्याचा काही संबंध नाही, आणि तिथल्या रात्री तर मुळीच माळव्याच्या नाहीत.

वारे दोन लक्षात ठेवायचे. लेवान्ते समुद्रावरून येतो आणि दमटपणा आणतो. पोनियेन्ते पश्चिमेकडच्या पठारावरून खाली उतरतो. उतरताना हवा दाबली जाऊन तापते, म्हणून तो कोरडा आणि कढत. पोनियेन्ते सुटला की किनाऱ्यावरच्या शहरातही पारा चाळिशीपार जातो.

ऑक्टोबर-नोव्हेंबरचं तिकीट स्वस्त मिळतं, पण त्या दिवसांत तिथला हवामान इशारा रोज पाहावा लागतो. उन्हाळाभर तापलेल्या समुद्रावर उंचावरचा थंड हवेचा गोळा येऊन अडकला की एका जागी तासन्‌तास पाऊस कोसळतो. स्पॅनिशमध्ये याला 'दाना' म्हणतात. २९ ऑक्टोबर २०२४ ला व्हॅलेन्सियाच्या पश्चिमेला तुरीस या गावी २४ तासांत ७७१.८ मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे इंदूरच्या पावसाळ्याचा मोठा हिस्सा एका दिवसात. एरवी कोरड्या असणाऱ्या नाल्यांना पूर आला आणि दक्षिणेच्या उपनगरांत दोनशेवर माणसं गेली. तिथे त्या संध्याकाळी धड पाऊसही नव्हता. पाणी नाल्यांच्या वरच्या भागातून वाहत आलं. मोबाइलवर इशारा पोचला रात्री ८ वाजून ११ मिनिटांनी, तोवर कित्येक गल्ल्या पाण्यात होत्या. म्हणून नाला कोरडा दिसला तरी लाल इशारा असताना तळघरातल्या पार्किंगमधून गाडी काढायला उतरायचं नाही.

मुख्य शहर त्या दिवशी वाचलं, कारण तुरिया नदी आता शहरातून वाहतच नाही. ऑक्टोबर १९५७ च्या महापुरानंतर तिचा प्रवाह शहराच्या दक्षिणेकडून वळवला. रिकाम्या पात्रातून मोठा हमरस्ता न्यायचा बेत होता; लोकांनी तो हाणून पाडला आणि तिथे सुमारे नऊ किलोमीटरची बाग झाली. जुने दगडी पूल तसेच आहेत, खालून सायकली जातात. इंदूरच्या कान्ह नदीच्या काठाने गेलेल्या माणसाला ही बाग पाहताना जरा हेवा वाटतो.

आता फायास. हा सण परक्याला समजावून सांगायला युरोपातल्या माणसाला वेळ लागेल, आपल्याला लागत नाही. गल्लीगल्लीत मंडळ, वर्षभर वर्गणी, लॉटरीची तिकिटं विकून पैसे उभे करणं, एक देखावा, शेजारच्या मंडळाशी चुरस, बक्षीस, आणि शेवटी विसर्जन. फक्त विसर्जन पाण्यात नाही, आगीत. साडेतीनशेहून अधिक मंडळं आहेत आणि प्रत्येकाचे दोन देखावे, एक मोठा आणि एक मुलांचा. त्यातल्या एकेका पुतळ्याला निनोट म्हणतात. विषय बहुतेक टवाळीचे: राजकारणी, भाववाढ, पर्यटकांचे लोंढे. अनंत चतुर्दशीला इंदुरात आपल्या गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, पाहिलेल्यांना उंची आणि दिवे पाहून नवल वाटणार नाही. चेहऱ्यांवरचा खट्याळपणा मात्र वेगळा आहे.

सुतारांनी हिवाळ्यात दिवा टांगायला वापरलेला लाकडी खांब वसंत आल्यावर जाळायचा, त्यातून हे सुरू झालं असं तिथे सांगतात. पूर्वी सांगाडा लाकडाचा आणि अंग कागदाच्या लगद्याचं असे. साचा करायचा, आतून कागद थापायचा, वाळवायचा, सांधायचा, मग रंग. आता बहुतेक ठिकाणी थर्माकोलचे ठोकळे यंत्राने कापतात, वर कागदाचा थर, पुट्टी, घासकाम, रंग. थर्माकोल हलका, त्यामुळे वीस मीटर उंचीची आकृती एका पायावर तोलता येते. पण जळताना काळा, घशाला लागणारा धूर सोडतो. जुन्या पद्धतीचे कारागीर लाकडाच्या पातळ पट्ट्या वाकवून अंग विणतात, त्याला 'वारेता' म्हणतात. असा देखावा सापडला तर पाहायला तिथेच थांबा. आग पट्ट्यांमधून वर चढते आणि काही क्षण नुसता पेटलेला सांगाडा उभा राहतो.

१५ मार्चच्या रात्री देखावे उभे होतात. प्रत्यक्षात मोठ्यांचं काम क्रेन लावून काही दिवस आधीच सुरू असतं. १६ ते १८ हे पाहण्याचे दिवस. सगळे पाहायचा हट्ट धरू नका, पाय जातील. रुसाफा भागात रस्त्यांवरची रोषणाई, जुन्या पात्राजवळ ना जोर्दाना, स्टेशनच्या बाजूला कोन्वेन्तो जेरुसालेन, आणि मग घराजवळची दोन-चार लहान मंडळं, एवढं पुरे.

१ ते १९ मार्च रोज दुपारी दोन वाजता महापालिकेच्या चौकात मास्क्लेता होते. ही आतषबाजी पाहायची नसते, ऐकायची असते. दोरांवर ओळीने टांगलेले सुतळी बॉम्बच्या जातीचे फटाके, त्यांच्या वातींची लांबी मोजून लावलेली. आधी इशाऱ्याचे बार, मग संथ ठेका, मग ठेका दुप्पट, आणि शेवटी 'भूकंप', ज्यात वेगळा आवाज ऐकूच येत नाही, छाती हलते. सगळं पाच-सात मिनिटांत संपतं. जाणकार लोक शेवटी टाळ्या वाजवतात त्या मोठ्या आवाजाला नाही, लय कशी चढत नेली त्याला. ढोल-ताशा ऐकलेल्या कानाला हे दुसऱ्या दिवशी कळायला लागतं. पहिल्या दिवशी नुसती भीती वाटते.

तिथे एक वाजेपर्यंत पोचावं, शनिवार-रविवारी बारालाच. चौकाजवळच्या मेट्रो स्थानकावर उतरू नका, एक-दोन स्थानकं आधी उतरून चालत जा. तोंड किंचित उघडं ठेवा, म्हणजे कानाच्या पडद्यावर दाब कमी येतो. लहान मुलांना कानांवर बसणारे जाड मफ घाला आणि चौकात न थांबता दोन गल्ल्या मागे उभे राहा. हृदयाचा त्रास असणाऱ्या आजी-आजोबांना घरीच ठेवा. तसं पाहिलं तर हा कार्यक्रम तिथली वाहिनी थेट दाखवते, आणि मार्चमध्ये तिथे दुपारचे दोन म्हणजे इंदुरात संध्याकाळचे साडेसहा. चहाच्या वेळेला बसून पाहता येतो, पण छाती हलणार नाही.

१७ आणि १८ ला फुलांची मिरवणूक असते. जरीच्या रेशमी पोशाखातल्या बायका-मुली मंडळागणिक गुच्छ घेऊन मेरीमातेच्या चौकात येतात. काही पोशाखांचं कापड हातमागावर महिनोन्‌महिने विणलेलं असतं. पैठणीचा हिशेब ज्यांना कळतो त्यांना किमतीचा अंदाज येईल. चौकात मातेचा उंच लाकडी सांगाडा उभा असतो, वर फक्त चेहरा आणि कडेवर बाळ. सांगाड्यावर चढलेली माणसं खालून फेकलेला गुच्छ झेलतात, फळ्यांच्या फटीत देठ खुपसतात, पुढचा झेलतात. दोन दिवसांत पांढऱ्या-लाल फुलांचा शालू पुरा होतो. १९ ला तिथे गर्दी कमी असते, जवळून पाहायला आणि वास घ्यायला तीच वेळ.

१९ ची रात्र म्हणजे क्रेमा, देखाव्यांचं दहन. मुलांचे देखावे आठच्या सुमारास, मोठे दहाला, पहिल्या बक्षिसाचा त्यानंतर, आणि महापालिकेचा सगळ्यांत शेवटी, अकराला. पूर्वी हे मध्यरात्री चाले, म्हणून जुन्या लेखांतल्या वेळांवर जाऊ नका. आधी कारागीर कुऱ्हाडीने अंगाला भोकं पाडतो, वर आणि खाली, म्हणजे आत हवा खेचली जाते आणि देखावा बाजूला न कलंडता स्वतःतच कोसळतो. इथे चुकलं तर जळतं डोकं रस्त्यावर येतं. मग आत पेटवण आणि फटाक्यांची माळ. अग्निशामक दल आधी आसपासच्या भिंती आणि झाडं भिजवतं, त्यांनी मान हलवल्याशिवाय काडी लागत नाही. ते दुसऱ्या चौकात अडकले तर अर्धा तास उशीर. लोक तोवर 'फायर ब्रिगेड, इकडे पाणी मारा' असं गात त्यांना चिडवतात आणि तेही गर्दीवर फवारा सोडतात.

मोठ्या देखाव्याभोवती बऱ्याच अंतरावर कठडे असतात, दिसतात ते मोबाइलचे पडदे. त्यापेक्षा गल्लीतला लहान देखावा पाहा. तिथे आग अंगावर येते आणि सगळी गर्दी एकदम मागे सरकते, म्हणून भिंतीला टेकून उभे राहू नका, मागे जागा ठेवा. वारा तुमच्याकडे येत असेल तर बाजू बदला. अंगात सुती किंवा लोकरी कपडे हवेत. नायलॉनच्या जाकिटाला ठिणगीने भोक पडतं. रात्री दहा अंशांना गारठा असतोच.

सगळ्या पुतळ्यांपैकी लोकांच्या मतांवर एक मोठा आणि एक मुलांचा निनोट वाचतो. १९३४ पासूनचे असे वाचलेले पुतळे तिथल्या फायास संग्रहालयात आहेत. २०२० साली करोनामुळे सण झाला नाही, २०२१ ला तो सप्टेंबरमध्ये केला.

बाकीचे सण थोडक्यात. जुलैच्या शेवटच्या रविवारी फुलांची लढाई होते: सजवलेल्या रथांतल्या मुलींवर लोक झेंडूची फुलं फेकतात आणि त्या टेनिसच्या रॅकेटने परतवतात. दसऱ्याचा झेंडू असा वापरलेला पाहून गंमत वाटते. ९ ऑक्टोबरला नवरा बायकोला रेशमी रुमालात बांधून बदामाच्या मिठाईची छोटी छोटी फळं देतो. टोमॅटोंची प्रसिद्ध मारामारी व्हॅलेन्सियात नसते, ती ४० किलोमीटरवरच्या बुन्योल गावात, ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी. तिकीट आधी काढावं लागतं. फेकण्याआधी टोमॅटो हातात चुरडणं हा नियम आहे.

खाण्याचं म्हणाल तर फायासच्या दिवसांत कोपऱ्याकोपऱ्यावर तळणं चालू असतं. बुन्युएलो म्हणजे भोपळ्याचे घारगे समजा, फक्त गूळ नाही आणि पीठ यीस्टने फुगवलेलं. ओल्या हाताने गोळा उचलायचा, अंगठ्याने मध्ये भोक, आणि थेट कढईत. वरून साखर, सोबत घट्ट गरम चॉकलेट. भोपळ्याचा म्हणून मुद्दाम मागा, नुसत्या मैद्याचाही मिळतो. इंदूरच्या सराफ्यातल्या तळलेल्या गराडू कंदासारखाच हा घाणा निघाल्या-निघाल्या खायचा, दहा मिनिटांत चिवट होतो. ओर्चाता हे नागरमोथ्याच्या जातकुळीतल्या चुफा नावाच्या कंदाचं थंड पेय: भिजवा, वाटा, गाळा, साखर घाला. थंडाईसारखं दिसतं, दूध नसतं.

शाकाहारींसाठी पाएया या तिथल्या भाताची गोष्ट थोडी अवघड. मूळ व्हॅलेन्सियाचा पाएया कोंबडी आणि सशाचा. त्यातले डबल बीसारखे मोठे दाणे आणि चपट्या शेंगा तेवढ्या आपल्या. भाज्यांचा मागितला तरी पाणी कशाचं ते विचारा, कारण भात बहुतेकदा मांसाच्या रश्श्यात शिजतो. 'सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन काल्दो दे कार्ने' (मांस नको, मासे नको, मांसाचा रस्सा नको) असं तिन्ही सांगा. तो दुपारी खायचा, किमान दोघांसाठी मागवावा लागतो, आणि तांदूळ घातल्यावर कुणी ढवळत नाही. तळाला लागलेल्या खरवडीवरून तिथे भांडणं होतात, तेव्हा ती टाकून उठू नका.

इंदूरहून मुंबई किंवा दिल्ली, तिथून माद्रिद, आणि माद्रिदहून वेगवान रेल्वेने पावणेदोन-दोन तास. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. फायाससाठी तो नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच टाका आणि राहण्याची सोय त्याच्याही आधी. मध्यवस्तीत खोली मिळाली तर टॅक्सी दारापर्यंत येणार नाही हे धरून चाला, सामान चाकांच्या बॅगेत भरा. विमानतळावरून मेट्रोच्या ३ आणि ५ क्रमांकाच्या मार्गिका शहरात आणतात. परतीचं तिकीट २० मार्चला दुपारचं काढा. सकाळी लवकर उठून त्याच चौकांतून एक फेरी मारता येते: डांबर वाचवायला देखाव्याखाली अंथरलेली वाळू उचलली गेलेली असते, रस्ते धुतलेले असतात, आणि मंडळाच्या दारात कुणीतरी खुर्च्या मोजत बसलेलं असतं.