मार्गेटचं शिंपल्यांचं भुयार: कुणी, कधी, कशासाठी?

मार्गेट हे इंग्लंडच्या केंट परगण्यातलं समुद्रकाठचं गाव. लंडनचे लोक तिथे वाळूत बसायला आणि मासे-बटाटे खायला जातात. आम्ही गेलो ते ग्रोटो हिल नावाच्या एका चढाच्या गल्लीसाठी. बाहेरून बघण्यासारखं तिथे काही नाही. साधी घरं, एक दुकानवजा दार आणि त्यावर ‘शेल ग्रोटो’ (शिंपल्यांची गुहा) अशी पाटी. पाटीकडे लक्ष नसेल तर तुम्ही सरळ पुढे निघून जाल.

आत तिकीटखिडकी, शंखशिंपल्यांचं दुकान आणि इतिहासाचे फलक लावलेली छोटी खोली आहे. तिथून पायऱ्या उतरून गेलं की आधी खडूच्या दगडात खोदलेली उघडीबोडकी वाट लागते. ओल, गारवा, अंधूक दिवे. मग एक कमान येते, आणि तिथून पुढे भिंती दिसेनाशा होतात, कारण सगळीकडे शिंपलेच शिंपले. मधल्या खांबाला दोन्ही बाजूंनी वळसा घालून वाट घुमटाखाली येते. घुमटाच्या तोंडातून वरचा उजेड खाली उतरतो. तिथून नागमोडी बोळ, आणि शेवटी साधारण १५ बाय २० फुटांची चौकोनी खोली. तिला ‘वेदीची खोली’ म्हणतात.

हे सगळं मिळून जेमतेम ७० फूट लांब आहे. पण सुमारे २००० चौरस फूट भिंतींवर ४६ लाख शिंपले बसवलेले आहेत, असा अंदाज सांगितला जातो. हिशेब केला तर चौरस फुटामागे २३०० होतात, म्हणजे चौरस इंचाला सोळा. हा आकडा डोक्यात ठेवून भिंतीच्या अगदी जवळ जा. माझ्यासोबत वेंगुर्ल्याची मावशी होती. ती तर भिंतीवरची नावंच घेत सुटली: हे खुबे, ही कालवं, हे शिनाणे. मी एक फूल बराच वेळ बघत होते. पाकळ्या शिनाण्यांच्या, कडा आतल्या बाजूला वळवून बसवलेल्या, आणि आजूबाजूची सगळी पार्श्वभूमी करंगळीच्या नखाएवढ्या गोल शंखांनी भरलेली. एकाचं तोंड इकडे, एकाचं तिकडे असं कुठेही नाही. चांदण्या, सूर्य, झाडं, कलश, हृदयासारखे आकार अशी नक्षी भिंतभर चालूच राहते.

आता वादाकडे. भुयार सापडलं १८३५ साली, एवढ्यावर एकमत आहे. कसं सापडलं याच्याच निरनिराळ्या कथा आहेत. एक अशी, की जेम्स न्यूलव्ह नावाचे शिक्षक बदकांसाठी तळं खणवत होते, जमिनीत भोक पडलं आणि त्यांनी मुलाला, जोशुआला, मेणबत्ती देऊन खाली सोडलं. दोन-तीन वर्षांतच हे ठिकाण पैसे घेऊन लोकांना दाखवायला सुरुवात झाली. साहजिकच काहींना संशय येतो, की हे सापडलं की मांडलं?

बांधणाऱ्यांची यादी लांब आहे. भूमध्य समुद्राकाठचे प्राचीन फिनिशियन व्यापारी, रोमन काळातले कुणी, मध्ययुगातले ख्रिस्ती टेम्पलर योद्धे, फ्रीमेसन या गुप्त संघटनेचे लोक, सूर्याची गती मोजणारे प्राचीन लोक. घुमटातून येणाऱ्या उन्हावर तर कालगणनेचा अख्खा सिद्धान्त उभा केलेला आहे. माझा यांतल्या कशावरही विश्वास बसला नाही. अठराव्या शतकात इंग्लंडच्या धनिकांमध्ये शिंपल्यांच्या गुहा करवून घेण्याची मोठी हौस होती. ट्विकनहॅमला कवी अलेक्झांडर पोपची गुहा आहे, गुडवुडला रिचमंडच्या डचेसने आणि तिच्या मुलींनी सजवलेलं शिंपल्यांचं घर आहे. मार्गेटची नक्षी त्याच हौसेतली वाटते.

पण या मतालाही एक घट्ट गाठ आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. अशा गुहा लोकांना दाखवण्यासाठी, स्वतःच्या बागेत करत. पाहुणे येत, पत्रांतून वर्णनं लिहिली जात. इथे वर शेतजमीन होती, कुणाची मोठी जहागीर नव्हती. आणि त्या पार्श्वभूमीवरचा तो छोटा गोल शंख मार्गेटच्या किनाऱ्यावर क्वचितच सापडतो. तो मुबलक मिळतो साउदॅम्प्टनच्या पश्चिमेला. म्हणजे लाखो शंख लांबून आणले, गाड्या भरभरून उतरवले, आणि एवढ्याशा गावात त्याची कुठे नोंद नाही?

म्हणून मला सगळ्यांत पटतं ते दोन टप्प्यांचं मत. केंटमध्ये शेतात घालायला खडू काढण्यासाठी मध्ययुगात खोल विहिरीसारखे खड्डे खणत आणि तळाशी दालनं करत. भुयाराचा मूळ सांगाडा तसल्या खाणीचा असावा आणि शिंपले पुष्कळ नंतर चढले असावेत, असं काही अभ्यासक मानतात. खोदकाम आधीच झालेलं असेल तर ते कुणाच्या नजरेत आलं नाही, हे कोडं सुटतं. शंखांच्या गाड्यांचं कोडं मात्र तसंच राहतं.

वय ठरवणाऱ्या कार्बन चाचणीने निकाल लागेल असं वाटतं, पण ते इतकं सरळ नाही. शिंपल्यातला कार्बन समुद्रातला असतो, त्यामुळे वय सुमारे चारशे वर्षांनी जास्त दिसतं आणि दुरुस्ती करावी लागते. त्यात १६५० नंतरच्या काळात ही पद्धत फार ढोबळ होते, १७०० आणि १८०० यांत फरक करणं अवघड. फिनिशियन की अलीकडचं, एवढा निवाडा मात्र ती करू शकते. तेवढा तरी व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

जाणाऱ्यांसाठी: लंडनच्या सेंट पँक्रासहून वेगवान गाडीने साधारण दीड तास लागतो. स्टेशन समुद्रालगतच आहे आणि तिथून भुयारापर्यंत रमतगमत वीसेक मिनिटं. हिवाळ्यात भुयार रोज उघडं नसतं, तेव्हा निघण्याआधी वेळा तपासा. उन्हाळ्यातही स्वेटर ठेवा. पायऱ्या आहेत आणि जमीन खालीवर आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी ते लक्षात घ्यावं. चाकाच्या खुर्चीने आत जाता येत नाही.

भिंती राखाडी दिसतात म्हणून हिरमुसू नका. व्हिक्टोरियन काळात इथे गॅसचे दिवे जळायचे, त्यांची काजळी शिंपल्यांवर बसली आहे. १९३० च्या दशकात वीज आली तोवर मूळ रंग गेलेच होते. काही सांदीकोपऱ्यांत पिवळसर, तांबूस छटा अजून टिकून आहेत; त्या शोधण्यात वेळ घालवा. हात मात्र कुठेही लावू नका, मुलांवर लक्ष ठेवा. ही ग्रेड १, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाची संरक्षित वास्तू आहे आणि निसटलेला शिंपला पुन्हा तसाच बसत नाही. वेदीच्या खोलीतली एक भिंत वेगळी दिसेल. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बने तिथलं काम गेलं.

एक आग्रह करते. फलक आधी वाचू नका. आधी खाली जाऊन निवांत बघा, मग वर येऊन सगळी मतं वाचा. नाहीतर प्रत्येक नक्षीत टेम्पलर दिसायला लागतात. आम्हाला खाली तासभर सहज लागला. उरलेल्या वेळात बंदराजवळचं टर्नर कंटेम्पररी हे कलादालन बघून घ्या. प्रवेश फुकट आहे, पण सोमवारी ते बंद असतं.