महाबलीपुरमचा सूर्योदय: एप्रिलमध्ये जाऊ नका

सरळ सांगतो. तामिळनाडूतल्या महाबलीपुरमच्या किनारा मंदिरामागे उगवणारा लालबुंद गोळा टिपायचा असेल तर जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत जा, नाहीतर त्या फोटोचा नाद सोडा. आम्हाला सहल आखून देणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, "एप्रिलमध्ये आकाश स्वच्छ, गर्दी कमी, फोटो हमखास." आकाश स्वच्छ होतं, गर्दीही नव्हती. पण मंदिराचं फाटक उघडतं सकाळी ६ ला आणि एप्रिलच्या मध्यावर तिथे सूर्य उगवतो ५:५५ च्या सुमारास. तिकीट काढा, बॅग तपासू द्या, आत जाऊन जागा धरा. तोवर लाली ओसरलेली आणि सूर्य पांढराफटक. मे-जूनमध्ये तर तो पावणेसहाच्या आधीच वर येतो. जानेवारीत मात्र साडेसहाला उगवतो, म्हणजे हाताशी अर्धा तास मिळतो. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडचा पावसाळा, तेव्हा तेही महिने बाद. ज्याने आमच्याकडून पैसे घेतले त्याने निदान पंचांग तरी उघडायला हवं होतं.

ट्रायपॉड मंदिरात न्यायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. मंदिरात जाताना तो खोलीवरच ठेवा. सूर्यासमोर मंदिराची काळी आकृतीच घ्यायची तर १/५०० सेकंदाचा शटर सहज मिळतो, हात हलला तरी फोटो हलत नाही, ट्रायपॉड लागतोच कशाला?

मग आमचा तळ हलला मंदिराच्या उत्तरेच्या वाळूवर, मच्छीमारांच्या होड्यांपाशी. इथून मंदिर आणि सूर्य एका रेषेत येत नाहीत हे आधीच लक्षात घ्या. दुसरं म्हणजे आपल्याला सवय दिवेआगर-मुरुडची: ओहोटीला पाणी पार लांब गेलेलं, सपाट ओल्या वाळूत अख्खं आकाश उतरलेलं. इथे भरती-ओहोटीत फरक जेमतेम मीटरभर, किनारा उतरता आणि लाट थेट पायाशी येऊन आपटते. प्रतिबिंबाचा फोटो डोक्यात घेऊन गेलात तर हात हलवत परत याल. गुडघ्यापर्यंत भिजायची तयारी ठेवा आणि समुद्राकडे पाठ करून कॅमेऱ्यात बघत बसू नका.

खरं शिक्षण झालं ते उजाडल्यावर, इडली-वडा आणि फिल्टर कॉफीच्या टेबलावर. ग्रुपमधले सगळे नोकरी-धंदा सांभाळून फोटो काढणारे, पण जिभा तिखट. नियम एकच: जो नुसतं "मस्त" म्हणेल त्याने सगळ्यांच्या कॉफीचे पैसे द्यायचे. माझा मोबाईल फिरत फिरत बँकेतून निवृत्त झालेल्या काकांकडे गेला. "अरे, समुद्र डावीकडे सांडतोय. आणि वरचं एवढं आकाश कुणासाठी ठेवलंयस? ढग नाही, पाखरू नाही." एका काकूंनी दोन सेकंदांच्या शटरचा फोटो बघून विचारलं, "हे पाणी आहे की दूध?" सगळ्यात लागलं ते दाताच्या डॉक्टर असलेल्या ताईंचं बोलणं: "सूर्य सगळ्यांकडे तोच आहे. तुझ्या फोटोत तुझं काय?"

दुसऱ्या पहाटे मी सूर्याकडे पाठ फिरवली नाही, पण त्याला कोपऱ्यात ढकललं. पुढे घेतलं निळ्या फायबरच्या होडीचं नाक आणि त्यावर गुंडाळलेला नायलॉनचा दोर. दोराच्या पिळात माशांचे खवले अडकले होते. प्रकाश तिरका आला तसे ते एकेक करून चमकले. तो फोटो टेबलावर आला तेव्हा काका बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "क्षितिज सरळ आहे." मी हवेत!

पाण्याच्या फोटोसाठी ग्रुपकडून उचललेलं: शटर पाव सेकंदाच्या आसपास ठेवा आणि लाट येताना नव्हे, मागे फिरताना दाबा. तेव्हाच खडकाभोवती फेसाच्या रेघा उमटतात. ट्रायपॉडचे पाय वाळूत दाबून रोवा, एक लाट जाऊ द्या, ते बसले की मगच फोटो. मधला दांडा वर काढू नका. व्हाइट बॅलन्स (फोटोची रंगछटा ठरवणारी सेटिंग) ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा सगळा केशरी रंग धुऊन टाकतो, डेलाइटवर ठेवा. महागडा ग्रॅज्युएटेड फिल्टर (आकाश तेवढं गडद करणारी, अर्धी काळसर काच) विकत घेऊ नका. रॉ मध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) एक फोटो आकाशासाठी, एक जमिनीसाठी घ्या आणि घरी जोडा.

आता एसी. कॅमेरा रात्रभर एसीच्या खोलीत राहिला आणि पहाटे बाहेर काढला की लेन्सवर धुकं धरतं, पुसलं तरी पुन्हा धरतं. तिकडचा संधिप्रकाश जेमतेम वीस-बावीस मिनिटांचा, त्यातली पंधरा लेन्स पुसण्यात जातात. आमच्यातल्या निम्म्यांची पहिली पहाट अशीच वाया गेली. बॅग रात्री न्हाणीघरात किंवा बाल्कनीत, एसीची हवा पोचणार नाही तिथे ठेवा. हॉटेलवाला हे सांगणार नाही.

रिक्षावाल्याने पहाटे पाचला दीड किलोमीटरचे तीनशे मागितले. गाव लहान आहे, चालत जा. टॉर्च न्या आणि होड्यांमधून जाताना पायाखाली मारा. गळ, माशांची हाडं आणि इतरही बरंच काही पडलेलं असतं. होडी पाण्यात ढकलायला माणसं जमली की मुकाट्याने बाजूला व्हा, त्यांच्या जाळ्यांना हात लावू नका, आणि फोटोसाठी पैसे मागितलेच तर घासाघीस न करता नमस्कार करून पुढे चला. होड्या पुढेही आहेत.



किनारा मंदिराचं तिकीट फेकू नका, त्याच दिवशी त्यावर पंचरथ, म्हणजे अखंड दगडात कोरलेली रथाच्या आकाराची पाच मंदिरं, बघता येतात. पण तिकडे दहाच्या आत जा, नंतर दगड तापून पाय टेकवत नाहीत.