आज्याच्या पोथ्या
आज अंबाजोगाईला मामाच्या वाड्यात गेलतो, कोनाड्यातून आज्याच्या पोथ्या काढल्या, तांबडं कापड सोडलं तर वाळवीनं समास खाल्लेला पण बोरूची अक्षरं अजून काळीभोर! मामी म्हणली, "फोटू काढ, पण थुंकी लावून पान उलटू नको." फ्लॅश मारायचा नाही म्हणून खिडकीच्या उजेडात बसलो, पानं सुटी असतात, क्रम चुकला की संपलं, दोन तासात फक्त ६४ पानं झाली. शेवटच्या कोऱ्या पानावर कुणीतरी मोडीत ज्वारीचा हिशोब लिहिलाय, मला तर पोथीपेक्षा तोच लई आवडला. ह्याच गावच्या संतकवी दासोपंतांची (१५५१-१६१५) पासोडी कापडावर लिहिलेली, ती टिकली, आमचा कागद किती टिकंल काय की. डिजिटल लायब्ररीत टाकायचं म्हणलं तर मामा विचारतोय, "पण पोथी घरीच राहणार ना?"