थेंबातली वर्गवारी: दुसऱ्या महिन्याची नोंद

तक्ता मागच्याच वेळी आखला होता. एकेका रकान्यात सजीवांचं एकेक लक्षण, म्हणजे हालचाल, पोषण, श्वसन, उत्सर्जन, वाढ, प्रजनन, चेतनाक्षमता; आणि शेवटचा रकाना सृष्टीचा, म्हणजे सजीवांच्या सगळ्यात मोठ्या गटाचा. सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याच्या थेंबात जो दिसेल त्याला एक ओळ. आतापर्यंत पंधरा ओळी भरल्या.

पॅरामेशिअम हा एकपेशीय जीव काही केल्या थांबेना, म्हणून काचपट्टीवर कापसाचे चार तंतू पसरले. जुनीच युक्ती, पण चालते. अडकलेल्या एकाची आकुंचनशील रिक्तिका, म्हणजे पेशीतली पिशवी, फुगायची, पट्कन मिटायची, पुन्हा फुगायची. खुशीत ‘उत्सर्जन’वर बरोबरची खूण केली आणि नंतर खोडली. ती रिक्तिका मुख्यतः आत शिरलेलं जादा पाणी उपसते.

युग्लिना या एकपेशीय जीवाने मात्र डोकं खाल्लं. उजेडात अन्न बनवणारे हिरवे कण, म्हणजे हरितलवकं आहेत, म्हणजे वनस्पती? पण कशाभिका, म्हणजे चाबकासारखी शेपटी, हलवत पोहते, उजेडाकडे वळते आणि अंधारात ठेवली तर पाण्यात विरघळलेलं अन्न शोषून जगते. १७३५ साली निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने सजीवांच्या दोनच सृष्टी मांडल्या. त्या हिशेबात हिला वनस्पतीवाले शैवालांत घालायचे आणि प्राणीवाले आदिजीवांत. जीवशास्त्रज्ञ हेकेलने १८६६ मध्ये ‘प्रोटिस्टा’ ही तिसरी सृष्टी काढली, व्हिटाकरने १९६९ मध्ये पाच केल्या. मीही ‘प्रोटिस्टा’ लिहून मोकळा झालो, पण समाधान नाही. प्रोटिस्टा म्हणजे कुठेच न बसणाऱ्यांची अडगळीची खोली. युग्लिनाचं जवळचं नातं निद्रारोग पसरवणाऱ्या ट्रिपॅनोसोमा या परजीवीशी आहे, आणि तिची हरितलवकं मूळची तिच्या पूर्वजाने गिळलेल्या एका हिरव्या शैवालाची. आता भरा रकाना!

आकाराच्या भरवशावर तर कुणी राहूच नका. स्टेन्टॉर हा जीव म्हणजे एकच पेशी, पण दोन मिलिमीटरपर्यंत वाढते. शेजारचा रोटिफर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, आणि तो बहुपेशीय प्राणी, चक्क जबडा असलेला.

सोळावी ओळ याच रोटिफरची. कागदाच्या पुडीत चार महिने पडून खडखडीत वाळलेलं मॉस रविवारी भिजवलं. पहिल्या थेंबात नुसते तपकिरी गोळे. हालचाल नाही, पोषण नाही, चेतना नाही. सगळीकडे फुल्या मारल्या आणि ओळ बंद केली. तासाभराने सहज डोकावलो तर एक गोळा लांबत होता. आधी पाय चिकटवला, मग जळूसारखा ताणत पुढे सरकला, आणि शेवटी तोंडाजवळची दोन चक्रं फिरू लागली. सूक्ष्मदर्शकातून सूक्ष्मजीव पाहणाऱ्या लेव्हेनहुकने १७०२ मध्ये पन्हळीतल्या वाळल्या गाळात हेच पाहिलं होतं. सायबेरियाच्या गोठलेल्या मातीतले सुमारे २४,००० वर्षांपूर्वीचे रोटिफर पुन्हा हालचाल करू लागल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यापुढे माझे चार महिने म्हणजे डुलकीच.

फुल्या खोडलेल्या नाहीत. त्यांच्यापुढे ‘कोरडा असताना’ असं लिहून खाली नवी ओळ घेतली आहे. त्याच मॉसची दुसरी पुडी वर्षभर न उघडता ठेवतोय.