जावयाला फोन

मदतनिधीच्या अर्जावर सही करता करता काका झोपले. पेन हातात, नाव अर्धवट. परळच्या एका हॉस्पिटलात समाजसेविका म्हणून मी रडणारे, भांडणारे, नवस बोलणारे नातेवाईक रोज बघते. सहीच्या मध्यावर झोपलेला माणूस पहिल्यांदाच पाहिला.

काकू सांगोल्याकडच्या. चाळीस वर्षं मिशरी लावलेली, गालाचा कॅन्सर. ऑपरेशननंतर शेक, म्हणजे रेडिएशन, चालू होते, तिसांपैकी चौदा झालेले. नाकात नळी. दर दोन तासांनी पातळ, गाळलेलं खाणं सिरिंजमधून सोडायचं, वर पाणी सोडून नळी धुवायची. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत हे सगळं काका एकटेच करत.

फाइलवर माझाच शेरा होता, ‘नातेवाईक समर्थ’. दर आठवड्याला मी विचारायचे, “काका, काही मदत हवी का?” ते म्हणायचे, “नको ताई, चाललंय.” की मी पुढच्या नंबराला हाक मारायला मोकळी.

त्या दिवशी वेगळं विचारलं. “रात्री किती झोपलात?”

“झोपतोय कुठलं? हिनं झोपेत नळी उपसली तर?”

“आणि जेवण?”

“हिची पेज उरंल ती पितो.”

मग घरचं निघालं. एकच लेक, पंढरपुरात दिलेली, तिच्या मांडीवर तान्हं मूल. जावई रोज फोन करून विचारतो, येऊ का. काका रोज नको म्हणतात. “जावयाकडनं सासूचं असलं करून घ्यायचं? लोक तोंडात शेण घालतील.”

समजूत घालत बसले नाही. समजुतीनं अशा वेळी कुणी हललेलं मला तरी आठवत नाही. त्यांना विचारून त्यांच्याच फोनवरून नंबर लावला आणि ‘जमेल तसं या’ न म्हणता सरळ सांगितलं, “शुक्रवारी रात्री निघा, सोमवारी परत जा. दोन दिवस नळीचं तुम्ही बघायचं.”

“मी केव्हाचा निघायला बसलोय. मामाच येऊ देईनात.”

शनिवारी सिस्टरनं त्याला शिकवलं. डोकं उंच ठेवायचं, दट्ट्या दाबायचा नाही, खाणं आपसूक उतरू द्यायचं. जावई दिसताच काकूंनी नळीवरून पदर ओढून घेतला. तोही खाली मान घालून, नळीपुरतंच बघत, सिरिंज धरून उभा. त्या रात्री काका सलग आठ तास झोपले, असं नंतर त्याच्याकडूनच कळलं.

काकांना मी एका चिठ्ठीवर 14416 लिहून दिला होता. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात आणि नुसतं मन मोकळं करायलाही लावता येतो. त्यांनी ती औषधांच्या बिलांत घडी घालून ठेवली. लावला का, ते मी विचारलं नाही.

सोमवारी काका तक्रार घेऊन आले. “जावई पेज लई दाट करतो. मलाच गाळावी लागली.” सही पुरी केली, उठले, दारात थांबले.

“पुढल्या शनिवारी धाकट्या भावाला बोलवावं म्हणतो. शुक्रवारी निघ, सोमवारी जा, असंच सांगायचं न्हवं?”