दोन आट्यांवर लटकलेली चावी

हाताने चावी द्यायचं, १७ ज्वेलचं घड्याळ. वेळ लावताना चावी (बाजूचं फिरवायचं बटण) ओढली आणि ती हातातच आली. स्टेमचा, म्हणजे चावीला जोडलेल्या बारीक दांडीचा, बाकीचा भाग मशीनमध्ये राहिला. काम तसं नेहमीचंच. पण स्टेम नेमकं कुठे तुटलंय हे आधी भिंगाखाली बघतो, कारण तुटण्याचं कारण बऱ्याचदा तिथेच दिसतं.

गंजलेलं स्टेम बहुतेक वेळा सेटिंग लिव्हरच्या (स्टेमला जागेवर धरणाऱ्या पट्टीच्या) खाचेत तुटतं. तिथे ते बारीक असतं. हे तुटलं होतं आट्यांवर (स्क्रूसारख्या पेचांवर), चावीच्या अगदी तोंडाशी. चावीत गेलेले आटे जेमतेम दोन, आणि उरलेल्या पोकळीत वाळलेलं सुपरग्लू. आधी कुणीतरी स्टेम गरजेपेक्षा जास्त कापलं होतं आणि लांबी भरून काढायला चावी अर्धवट फिरवून चिकटवली होती. ओढताना चावी जरा तिरकी झाली की सगळा ताण त्या दोन आट्यांच्या मुळाशी.

आणखी एक तक्रार होती: चावी देताना मध्येच 'कर्र' होऊन सुटते. तीही याच चुकीची. स्टेम आखूड असलं की चावी आधी केसच्या नळीला टेकते, पण सेटिंग लिव्हर शेवटच्या खाचेत बसत नाही. मग स्टेमवरचा सरकता पिनियन (छोटं दातेरी चाक) स्प्रिंग गुंडाळणाऱ्या वाइंडिंग पिनियनमध्ये पूर्ण शिरत नाही, दातांची नुसती टोकं घासतात आणि झिजतात. म्हणून फक्त स्टेम बदलून इथे भागणार नव्हतं.

घड्याळ चालवणाऱ्या स्प्रिंगमधला ताण आधी सोडायला हवा, पण धरायला चावीच नव्हती. रॅचेट व्हीलच्या (स्प्रिंग गुंडाळणाऱ्या दातेरी चाकाच्या) स्क्रूवर स्क्रूड्रायव्हर टेकवून किंचित चावी देण्याच्या दिशेने फिरवलं, लाकडी काडीने क्लिक (चाक उलटं फिरू न देणारी खुंटी) बाजूला धरली आणि स्प्रिंग सावकाश उलगडू दिली. इथे हात निसटला तर स्क्रूची खाच तरी जाते, नाहीतर क्लिक. मग सेटिंग लिव्हरचा स्क्रू दीड-दोन आटेच ढिला केला आणि तुकडा चिमट्याने बाहेर काढला. उत्साहात हा स्क्रू पूर्ण काढला तर लिव्हर डायलखाली सुटते आणि नुसत्या स्टेमसाठी काटे, डायल सगळं उतरवावं लागतं. या घड्याळाचं डायल तसंही उतरवायचंच होतं. दोन्ही पिनियनचे दात गोल झाले होते, ते जोडीनेच बदलले. एकच नवा घातला तर जुना त्याला लवकर खातो.

चावीतला तुकडा बाहेर आलेला नव्हता, त्यामुळे चिमट्यात धरून फिरवता येईना. चावी पितळी, म्हणून तुरटी: ती पोलाद खाते, पितळ नाही. गॅस्केट (पाणी अडवणारं रबरी कडं) आधी काढलं, ॲसिटोनमध्ये ग्लू विरघळवलं आणि काचेच्या भांड्यात, गरम पाण्यात मावेल तेवढी तुरटी घालून चावी त्यात सोडली. पोलादावर बारीक बुडबुडे दिसू लागले की समजायचं, काम सुरू झालंय. यात काही तास जातात. पोलादी चावी असती तर हा मार्ग घेतला नसता.

नवं स्टेम मशीनच्या कॅलिबर (मॉडेल) नंबरवरून निवडलं, आटे ०.९० मिलिमीटरचे. लांबीसाठी जुन्या स्टेमचं माप घेण्याची सवय असते. इथे तेच माप चुकीचं होतं. मशीन केसमध्ये बसवून क्लॅम्प घट्ट केले, चावीत नवं गॅस्केट घातलं, स्टेम शेवटच्या खाचेपर्यंत दाबलं आणि चावी तळाला टेकेपर्यंत फिरवली. क्लॅम्प ढिले असतील तर मशीन सरकतं, आणि कडक झालेलं गॅस्केट चावीला बाहेर ढकलतं. दोन्हींमुळे माप खोटं येतं.

चावी आणि केसमधलं अंतर ४.६ मिलिमीटर भरलं. पहिल्यांदा ४.२ च कापलं. पिन व्हाइसमध्ये (बारीक पकडीत) धरून कानशीने टोक सपाट केलं, कडा किंचित उतरवली, म्हणजे आटे चावीत तिरके शिरत नाहीत. मग थोडं घासायचं, चावी लावून बघायचं, पुन्हा घासायचं. केस आणि चावीमध्ये कागदाइतकी, साधारण ०.१ मिलिमीटर फट उरली की थांबायचं. याहून लांब राहिलं तर गॅस्केट नळीवर नीट बसत नाही आणि धक्क्याने स्टेम वाकतं.

बसवताना चौकोनी भागाला आणि खाचेला जाड ग्रीस, टोकाच्या पायलटला (मशीनमधल्या भोकात फिरणाऱ्या बारीक भागाला) तेलाचा थेंब. स्टेम हलकेच फिरवत आत सरकवलं. अडलं तर जोर करू नये. बहुधा योक (सरकता पिनियन हलवणारा दांडा) पिनियनच्या खोबणीतून निसटलेला असतो. स्क्रू आवळून चावी ओढून पाहिली, तिन्ही हालचाली तपासल्या: आत ढकलल्यावर खटका, चावी देताना एकसारखे ठोके, ओढल्यावर काटे फिरणं. मगच स्टेम परत काढून आटे साफ केले, सुईच्या टोकाने थ्रेडलॉकरचा (आटे पक्के धरणाऱ्या गोंदाचा) एक थेंब लावला आणि तो घड्याळाबाहेरच सुकू दिला. तो गॅस्केटकडे गेला तर चावी नळीवर अडकते. गॅस्केटला सिलिकॉन ग्रीस लावून शेवटी दाबाची चाचणी घेतली. पाण्याआधी हवेच्या दाबाने, म्हणजे गळती असली तरी डायल वाचतं.