तुम्ही विचारलंत म्हणून: सेव्ह केलेली रील गेली कुठे?

“भाऊ, रील तं सेव्ह करून ठेवली होती, आता दिसून काऊन नाही राहिली?” हा प्रश्न मला वर्षभर येतो. तान्ह्या पोळ्यानंतर, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पोरांच्या पोळ्यानंतर, तर फारच. मारबतीच्या, म्हणजे वाईट गोष्टी घालवायला काढतात त्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीच्या क्लिपा त्या दिवशी अख्ख्या नागपूरभर फिरतात, लोक त्या मन लावून सेव्ह करतात, आणि दिवाळीला पाहुण्यांना दाखवायला जावं तर तिथे कोरी चौकट. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

इन्स्टाग्रामवरचं ते सेव्हचं चिन्ह रीलचा फक्त पत्ता लिहून ठेवतं. फेसबुकचं ‘सेव्ह व्हिडिओ’ही तेच करतं. रील असते कंपनीच्या सर्व्हरवर. टाकणाऱ्याने ती काढली, खातं प्रायव्हेट केलं किंवा खातंच बंद झालं की तुमच्याकडे पत्ता उरतो आणि घर नसतं. व्हिडिओ खरंच तुमच्याकडे आहे का हे ओळखायची खूण एकच: फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद करा, आणि अॅप न उघडता गॅलरीतून किंवा फाइल मॅनेजरमधून तो चालवून बघा. चालला तर तो तुमचा.

इन्स्टाग्रामवर आता डाउनलोडची सोय आहे. २०२३ साली ती आली. रील उघडा, कागदी विमानाच्या चिन्हावर टिचकी द्या, खाली पर्यायांची ओळ येते ती डावीकडे सरकवा, त्यात ‘डाउनलोड’ असतं. व्हिडिओवर खातेदाराचं नाव उमटून येतं. ते खोडू नका. कुणी काढलाय ही माहिती पुढे तुम्हालाच लागते. हा पर्याय सगळ्या रील्सवर दिसत नाही, त्याची कारणं ठरलेली आहेत. खातं प्रायव्हेट असतं, किंवा खातेदाराने सेटिंगमध्ये डाउनलोडची परवानगी बंद केलेली असते. आणि व्हिडिओ उतरला पण मुका निघाला, तर बहुतेक वेळा त्यावर इन्स्टाग्रामच्या संग्रहातलं गाणं लावलेलं असतं. त्या गाण्याचा परवाना अॅपच्या आतपुरता असतो, त्यामुळे बाहेर येताना आवाज गळतो. स्वतःची रील फोनमध्ये उतरवतानाही असंच होतं. म्हणून रील करणाऱ्यांना माझं आग्रहाने सांगणं आहे की मूळ शूट केलेल्या क्लिपा पोस्ट झाल्यावर लगेच उडवू नका.

यूट्यूब शॉर्ट्सचं थोडक्यात: स्वतःचा शॉर्ट असेल तर कॉम्प्युटरवर यूट्यूब स्टुडिओ उघडा, कंटेंटमध्ये शॉर्ट्सचा टॅब, व्हिडिओशेजारचे तीन ठिपके, डाउनलोड. एमपी४ फाइल मिळते, पण ७२०पी किंवा त्याहून लहान. मूळ दर्जा हवा असेल तर गूगल टेकआउटमधून, म्हणजे आपलाच डेटा परत मागवायच्या गूगलच्या सोयीतून, मागवावा लागतो. प्रीमियमवाल्यांचं डाउनलोड अॅपच्या पोटातच राहतं, ते पेन ड्राइव्हवर जात नाही.

आता सगळ्यांत चांगला मार्ग, जो लोक शेवटी आठवतात: ज्याने काढला त्यालाच मागा. आपल्या गावात मारबतीचा व्हिडिओ काढणारा पोरगा बहुतेक वेळा नागपूरच्या महाल किंवा इतवारी भागात दोन गल्ल्या पलीकडे राहतो. “भाऊ, मूळ फाइल देशील का, नाव तुझंच ठेवतो” एवढा मेसेज पुरतो. मूळ फाइल आणि इंटरनेटवरून उतरवलेली फाइल यांत फार फरक असतो. अॅपवर टाकताना व्हिडिओ एकदा दाबला जातो, म्हणजे फाइल लहान करायला दर्जा कमी केला जातो, व्हॉट्सअॅपवर पाठवताना पुन्हा दाबला जातो, आणि गर्दी, गुलाल, धूर असलेल्या दृश्यात त्या दाबण्याचे डाग सगळ्यांत आधी दिसतात, कारण दर क्षणाला अख्खी चौकट बदलत असते.

पण मागताना कसं पाठवायचं तेही सांगा. व्हॉट्सअॅपवर गॅलरीतून पाठवला तर तो लहान होऊनच येणार; एचडी निवडलं तरी दाबला जातो, फक्त कमी. अटॅचमेंटच्या पिनेवर टिचकी देऊन ‘डॉक्युमेंट’ निवडायचं आणि व्हिडिओ तिथून जोडायचा. मग तो जसाच्या तसा येतो, २ जीबीपर्यंत. स्टेटसवरचा व्हिडिओ आवडला असेल तर २४ तासांच्या आत मागा. आलेला व्हिडिओ चॅटमध्ये दिसतो म्हणून फोनमधली फाइल उडवू नका. जुन्या मेसेजवरून तो पुन्हा उतरवायला गेलात तर समोरच्याला परत पाठवायला सांगा असं अॅपच म्हणतं.

मागूनही मिळेना आणि डाउनलोडही नाही, तर स्क्रीन रेकॉर्डिंग. अँड्रॉइड ११ पासून ते फोनमध्येच असतं. वरचा पडदा दोन बोटांनी खाली ओढा, ‘स्क्रीन रेकॉर्ड’ शोधा. आयफोनमध्ये कंट्रोल सेंटरमध्ये ते बटण नसेल तर आधी आणून ठेवावं लागतं. इथे सगळ्यांत जास्त चूक आवाजाची होते. आवाजाचा स्रोत ‘मायक्रोफोन’ ठेवलात तर रीलमधल्या ढोलताशांसोबत तुमच्या घरचा कूलर आणि कुकरच्या शिट्ट्याही येतात, तेही स्पीकरमधून फिरून आलेले. ‘डिव्हाइस ऑडिओ’ किंवा ‘मीडिया साउंड’ निवडा. सुरू करण्याआधी डू नॉट डिस्टर्ब लावा, नाहीतर ओटीपीचा मेसेज व्हिडिओत छापला जातो आणि तुम्ही तो पुढे पाठवता. रील आधी एकदा पूर्ण चालू द्या, म्हणजे ती अडखळत नाही. मग रेकॉर्डिंग लावून दोन फेऱ्या होऊ द्या, आणि गॅलरीत कापणीच्या पर्यायाने मधली एक पूर्ण फेरी ठेवा. चित्र काळं आलं, तर त्या अॅपने रेकॉर्डिंग अडवलेलं आहे. पैसे भरून बघायच्या अॅप्समध्ये ते हमखास होतं, त्याच्या मागे लागू नका.

रेकॉर्डिंगची आणखी एक भानगड कॉम्प्युटरवर कळते. फोन स्क्रीन रेकॉर्ड करतो तेव्हा सेकंदाला किती चौकटी घ्यायच्या ते तो स्वतःच कमी-जास्त करत राहतो. फोनवर काही जाणवत नाही. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तीच फाइल घेतली की ओठ आणि आवाज हळूहळू वेगळे पडू लागतात. हँडब्रेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या, त्यात ‘फास्ट १०८०पी३०’ हा तयार साचा निवडा, व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेमरेट ‘कॉन्स्टंट’ करा आणि नवी फाइल काढून मग एडिटिंगला बसा.

किती जागा लागेल, हे गणित सोपं आहे. सेकंदाला जितके मेगाबिट, त्याला ६० ने गुणा आणि ८ ने भागा, मिनिटाचे एमबी मिळतात. ८ मेगाबिटचं रेकॉर्डिंग असेल तर मिनिटाला ६० एमबी. अर्ध्या मिनिटाची रील ३ मेगाबिटने उतरली तर ११ एमबीच्या आसपास.

लिंक टाका आणि व्हिडिओ घ्या म्हणणाऱ्या वेबसाइट्सबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचंय. त्या आज चालतात, उद्या बंद पडतात, कारण मूळ अॅपने आतली रचना बदलली की यांचा रस्ता तुटतो. त्यांच्याकडून मुका व्हिडिओ मिळण्याचं कारण वेगळं आहे: यूट्यूबसारख्या ठिकाणी चांगल्या दर्जाचं चित्र आणि आवाज या दोन वेगळ्या फाइली ठेवलेल्या असतात, आणि साइट त्यातली एकच उचलून तुमच्या हाती देते. शिवाय यूट्यूबच्या अटींप्रमाणे त्यांनी दिलेल्या बटणाशिवाय दुसऱ्या मार्गाने उतरवणं चालत नाही. पण खरा धोका याहून मोठा आहे. त्या पानावर डाउनलोड नावाची चार बटणं असतात आणि त्यातली तीन जाहिराती. नोटिफिकेशनची परवानगी मागितली आणि तुम्ही दिली, की दुसऱ्या दिवसापासून “तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे” असे इशारे सुरू होतात. तो व्हायरस नसतो. क्रोमच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग, तिथे नोटिफिकेशन, तिथे त्या साइटचं नाव शोधून ब्लॉक करा, इशारे थांबतात.

उतरलेल्या फाइलच्या नावातली शेवटची अक्षरं वाचल्याशिवाय ती उघडू नका. व्हिडिओ बहुतेक वेळा एमपी४ असतो. नावाच्या शेवटी एपीके असेल तर ते अॅप आहे, मग मधे एमपी४ लिहिलेलं असो की लग्नपत्रिका. असं अॅप एसएमएस वाचायची आणि अॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागतं. पहिलीने ओटीपी जातो, दुसरीने स्क्रीनचा ताबा. इन्स्टाग्रामचा पासवर्ड मागणारी साइट तर तिथल्या तिथे बंद करा. चुकून एपीके टाकलंच गेलं, तर आधी नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, पैसे गेले असतील तर १९३० ला लगेच फोन लावा. अॅप निघत नसेल तर सेटिंगमध्ये डिव्हाइस अॅडमिनमधून त्याचा हक्क काढा, मग अनइन्स्टॉल होतं. यात उशीर करू नका आणि घरच्यांपासून लपवू नका.

फाइल उतरली पण सापडत नाही, हा दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न. ब्राउझरमधून उतरलेलं अँड्रॉइडमध्ये ‘डाउनलोड’ फोल्डरमध्ये जातं. गॅलरी कधी कधी फाइलच्या आतली जुनी तारीख धरते, म्हणून ती सगळ्यांत वर न दिसता दोन महिने खाली दिसते. आयफोनमध्ये सफारीचं डाउनलोड ‘फाइल्स’ अॅपमध्ये बसतं, फोटोंमध्ये येत नाही; तिथे फाइल उघडून शेअर, मग ‘सेव्ह व्हिडिओ’. आणि गूगल फोटोज ‘डाउनलोड’ फोल्डरचा बॅकअप आपोआप घेत नाही, तो फोल्डर वेगळा चालू करावा लागतो. फुकटची १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांच्यात मिळून असते, तेव्हा रील्सनी ती भरली तर मेल येणं थांबतं.

कॉम्प्युटरवर न्यायचं तर केबल लावल्यावर फोनवर येणारी सूचना उघडून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा. सूचनाच आली नाही तर केबल बहुधा फक्त चार्जिंगची आहे, सीताबर्डीच्या बाजारात मिळणाऱ्या स्वस्तातल्या पुष्कळ केबली तशाच असतात. टीव्हीवर दाखवायला पेन ड्राइव्ह घेताना एवढं बघा: फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी एक फाइल जात नाही. व्हिडिओचा आवाज येतो पण चित्र नाही, तर तो बहुधा एच.२६५ या नव्या व्हिडिओ पद्धतीत आहे आणि टीव्ही जुना, हँडब्रेकमधून एच.२६४ या जुन्या पद्धतीत करून घ्या. पेन ड्राइव्ह ही ने-आण करायची वस्तू आहे. ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या आपल्या उन्हाळ्यात ती गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून वर्षानुवर्षांचा ठेवा तिच्या भरवशावर सोडू नका. एक प्रत कॉम्प्युटरमध्ये आणि एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा.

कायद्याचं विचारता म्हणून: कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये खाजगी वापरासाठी न्याय्य वापराची मुभा आहे. घरच्यांना दाखवणं आणि दुसऱ्याची रील आपल्या पानावर टाकून लाइक्स मिळवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीला परवानगी लागते.

आणि व्हिडिओसोबत त्याचं लिखाण उतरवा. सावजी रश्शाची रील घ्या: हात दिसतात, रंग दिसतो, पण खसखस किती आणि जवस किती हे कॅप्शनमध्ये असतं. नुसती फाइल ठेवली तर पुढच्या वर्षी भाजी अंदाजाने होणार. फोनवर कॅप्शन निवडता येत नसेल तर स्क्रीनशॉट काढा आणि गूगल लेन्सने त्यातली अक्षरं कॉपी करा, किंवा कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये रील उघडा. ते सगळं एका टेक्स्ट फाइलमध्ये टाका: कॅप्शन, खात्याचं नाव, लिंक, टाकल्याची तारीख. त्या फाइलचं आणि व्हिडिओचं नाव एकच ठेवा. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग विषय, मग जागा. म्हणजे ‘२०२५-०८-२३-मारबत-नेहरू पुतळा’ अशा नावांची यादी आपोआप काळानुसार लागते. तारखेत तिरकी रेघ किंवा नावात विसर्गासारखे दोन ठिपके घालू नका, विंडोज ते घेत नाही. देवनागरी नाव कॉम्प्युटरवर उत्तम चालतं, पण जुन्या टीव्हीवर आणि गाडीतल्या स्टिरिओवर चौकोन दिसतात. तिथे नेण्याच्या प्रतीला इंग्रजी नाव द्या, घरच्या प्रतीला मराठीच राहू द्या.